पेटी आणि पावतीपुस्तक

गेल्या महिन्यात एक तरुण तबलावादक रत्नागिरीतल्या आमच्या संगीतसंस्थेच्या कार्यालयात आला होता. वाणिज्य शाखेचा पदवीधर, तबल्यात विशारद, आणि मुंबईतल्या एका सांस्कृतिक संस्थेकडून निधीसंकलनाच्या कामासाठी बोलावणे आल्यामुळे गोंधळात पडलेला. नोकरी घेतली तर तबल्यावरचा हात जाईल आणि न घेतली तर घर कसे चालेल, अशी त्याची सरळ अडचण होती. मी त्या वेळी मागच्या वर्षीच्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती क्रमाने लावत बसले होते. माझ्या हातांकडे पाहत त्याने विचारले, "ताई, पेटी सोडल्याचं वाईट नाही वाटत?" मी त्याला चहा दिला आणि काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. त्याला द्यायला हवे होते ते उत्तर सवडीने येथे लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मी पेटी सोडलेली नाही. पहाटे पाच ते साडेसहा मी वाजवते, आणि वर्षाकाठी दहा-बारा बैठकींना साथही करते. मात्र सकाळी दहानंतरचा माझा सगळा दिवस देणगीदारांची पत्रे, अनुदानाचे अर्ज, कलावंतांची प्रवासव्यवस्था, सभागृहाची दुरुस्ती आणि हिशेब यांत जातो, हे खरे आहे. अकरा वर्षांपूर्वी संस्थेच्या खजिनदारांचे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे ठरले, तेव्हा "दोन महिने वह्या सांभाळ" म्हणून मला बोलावले होते. मी तेव्हा एका पतपेढीत लेखनिक होते आणि संध्याकाळी नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना साथ करत होते. ते दोन महिने अजून संपलेले नाहीत.

हिशेबाची सवय मात्र त्याआधीची, घरातली. माझे वडील गावच्या देवळात कीर्तनाला पेटी वाजवत. रामनवमी, हनुमान जयंती, गोकुळाष्टमी असे उत्सव धरून पंचक्रोशीतल्या चार-पाच देवळांत त्यांची हजेरी ठरलेली असे. बिदागीचे पाकीट घरी येईपर्यंत उघडायचे नाही, असा आमच्याकडे दंडक होता, आणि रक्कम किती याची चर्चा तर देवळाच्या आवारात निषिद्धच होती. घरी आल्यावर मात्र वडील एका लाल बांधणीच्या वहीत जमेला बिदागी लिहीत आणि खर्चाला एसटीचे भाडे, आणि वर्षातून एकदा "भाता, चामडे, सूर लावणे" अशी एक ओळ. जमेची बेरीज खर्चापेक्षा मोठी झालेले वर्ष त्या वहीत मला एकही सापडले नाही. त्यांना त्याचे दुःख होते असे मला कधी जाणवले नाही, पण वही त्यांनी एक दिवसही चुकवली नाही. पुढे मी स्वतः वाजवू लागले तेव्हा पाकिटाची जागा हळूहळू शाल आणि श्रीफळाने घेतली. "तुमच्यासारख्या नव्या मुलांना संधी मिळते आहे" असे एका संयोजकांनी मला व्यासपीठावरूनच ऐकवले होते. माझ्या कपाटात आज एकोणीस शाली आहेत, आणि कोकणच्या हवेत शाल पांघरण्याचे दिवस किती, हे वाचकांना मी सांगायला नको.

पेटीवाल्याला दुय्यमपणाची सवय असते, हे थोडे गमतीने आणि थोडे मनापासून लिहिते. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली, म्हणजे माझ्या वडिलांच्या तरुणपणात त्यांचे वाद्य सरकारी प्रसारणाच्या दारात उभे राहू शकत नव्हते. अशा घरातून आल्यामुळे असेल, कुणी "कलावंताने पैशाच्या मागे लागू नये" असे म्हटले की मला पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांची आठवण होते. कुरुंदवाडला जन्मलेल्या आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या या गवयाने ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते कोणा एका संस्थानिकाच्या पदरी राहून नव्हे. जलशांचे उत्पन्न आणि लोकांच्या देणग्या यांवर संगीताची शाळा चालवून दाखवायची, हा त्यातला खरा धाडसाचा भाग होता. पुढे मुंबईत विद्यालय आले, त्याची इमारत झाली, इमारतीसाठी कर्ज झाले, आणि ते फेडण्यासाठी पलुस्करबुवा गावोगाव जलसे करत राहिले. अखेर ती इमारत कर्जापायी हातची गेली. १९३१ मध्ये बुवा गेल्यावर त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले, आणि आज कोकणातल्या आडगावातले मूलही त्याच मंडळाच्या परीक्षेला बसते. या कथेत मला सर्वात जवळची वाटते ती मधली, इमारत जाण्याची गोष्ट. बुवा मोठे गवई होते, मोठे संघटक होते, तरीही इमारतीसाठी उभा राहिलेला पैसा आणि ती दरवर्षी चालवण्यासाठी लागणारा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही अडचण त्यांनाही चुकली नाही. आमच्यासारख्या लहान संस्थांचे तर सगळे दुखणे तेथेच आहे.

कार्यक्रमाला पैसे मिळतात. संस्थेला मिळत नाहीत. याची परंपराही जुनी आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळींनी मिळून 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, म्हणून आमच्याकडे ही हकिगत अभिमानाने सांगितली जाते. एका रात्रीच्या प्रयोगासाठी लोकांनी त्या काळात शंभर रुपयांपर्यंतची तिकिटे काढली, आणि ते स्वाभाविकच होते. असा प्रयोग पुन्हा होणार नाही हे प्रत्येकाला ठाऊक होते. त्याच सुमारास बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी स्वतः मात्र मोठ्या कर्जात होती. त्या रात्री तिकीट काढणाऱ्या किती जणांना कंपनीच्या बिऱ्हाडाच्या महिन्याच्या किराण्याची चिंता असेल? मला त्यांना दोष द्यायचा नाही. एका रात्रीसाठी देणे सोपे असते, कारण त्या रात्री आपण समोर बसलेले असतो.

आमच्या एका साध्या सभेचे गणित मांडते, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. समजा सभागृहात तीनशे खुर्च्या आहेत आणि तिकीट दोनशे रुपये ठेवले. सगळ्या खुर्च्या भरल्या तर साठ हजार येतात. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर संगीतसभेला वस्तू व सेवा कर लागत नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. पण सगळ्या खुर्च्या पैसे देऊन भरत नाहीत. पहिल्या दोन रांगा मानपत्रिकांत जातात, आणि "आम्ही काय तिकीट काढून यायचं?" असे हक्काने विचारणारे प्रत्येक गावात असतात. मुख्य गायकाचे मानधन, दोन साथीदार, मुंबई-पुण्याहून येण्याजाण्याचा खर्च, दोन दिवसांचे राहणे, ध्वनिव्यवस्था आणि छपाई हे सगळे धरल्यावर तिकिटांतून निम्मा खर्च भागला तरी मी त्या सभेला यशस्वी म्हणते. उरलेला निम्मा शोधणे हे माझे काम आहे, आणि येथपर्यंत ते फारसे अवघड नाही. पाहुण्या गायकाचे नाव मोठे असेल तर फलकावर आपले नाव यावे असे वाटणारा एखादा व्यापारी, डॉक्टर किंवा बांधकाम व्यावसायिक मिळतोच.

अवघड आहे ते जुलै महिन्याचे वीजबिल. संस्थेत दर आठवड्याला गायन, तबला आणि पेटीचे वर्ग चालतात. वाद्यांची एक खोली आहे. आमच्याकडे पाऊस चार महिने मुक्कामाला असतो आणि त्या दिवसांत वाद्ये अक्षरशः आजारी पडतात. पेटीच्या रीडना गंज धरतो, पट्ट्या फुगून बसतात, भात्याचे चामडे ओले लागते. तबल्याची पुडी सैल पडून आवाज उतरतो. तानपुऱ्याच्या भोपळ्यावर बुरशी चढते. म्हणून त्या खोलीत दिवस-रात्र दिवा जळता ठेवावा लागतो, पंखा चालू ठेवावा लागतो, आणि गणपतीच्या आधी एकदा सूर लावणारा कारागीर बाहेरगावाहून बोलवावा लागतो. शिवाय झाडलोट करणारा सेवक आहे, अर्धवेळ लेखनिक आहे, वार्षिक हिशेबतपासणीचे शुल्क आहे. यांपैकी एकाही खर्चावर कुणाचे नाव लावता येत नाही, कशाचेही छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही, म्हणून त्यासाठी कुणी देतही नाही. आणि या गोष्टी नसतील तर जानेवारीतल्या महोत्सवात सुरात लागलेली पेटी कोठून येणार? मैफलीची तिकिटे विकली जातात, रियाजाची नाहीत, हे वाजवणाऱ्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. कदाचित म्हणूनच या कामात संगीत येणारा माणूस असलेला बरा, असे मला वाटते.

स्मृतिसभांचा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठी संस्थांमध्ये एक सुंदर प्रथा आहे: घरातले वडीलधारे गेले की मुले त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ संस्थेकडे काही रक्कम कायम ठेवीत ठेवतात आणि तिच्या व्याजातून दरवर्षी त्यांच्या नावाची एक सभा व्हावी अशी इच्छा व्यक्त करतात. आमच्याकडे अशा नऊ ठेवी होत्या. त्यांतल्या बहुतेक १९९० च्या दशकातल्या, जेव्हा बँका बारा टक्क्यांच्या आसपास व्याज देत होत्या. २५,००० रुपयांवर वर्षाला ३,००० रुपये मिळत आणि तेवढ्यात एका स्थानिक गायकाची सभा, चहापान आणि पत्रिका सहज होत असे. आज सात टक्के धरले तर त्याच ठेवीवर १,७५० रुपये येतात. एवढ्यात मुंबईहून तुतारी एक्स्प्रेसने येणाऱ्या एका तबलावादकाचे जाणे-येणे आणि जेवण भागले तरी पुष्कळ. रक्कम आटली, पण नाव आणि वचन जसेच्या तसे राहिले. कित्येक वर्षे संस्थेने ही तूट इतर देणग्यांतून भरून काढली आणि कुणाला काही सांगितले नाही. मला विचाराल तर ते चुकले. देणगीदाराला वाईट वाटेल म्हणून खरा आकडा न सांगणे हा सभ्यपणा नाही.

मी नऊही कुटुंबांना पत्रे लिहिली आणि शक्य तेथे घरी गेले. काही मुंबईत, एक ठाण्यात, एक पार बडोद्याला. प्रत्येकापुढे तीन वर्षांचा खर्च मांडला आणि दोन पर्याय ठेवले: ठेवीत भर घालावी, किंवा सहा-सात नावांची मिळून दोन दिवसांची एकच स्मृतिसभा करण्यास संमती द्यावी. तिघांनी भर घातली, पाचांनी संमती दिली. एका गृहस्थांना मात्र फार लागले. त्यांच्या आई स्वतः दिलरुबा वाजवत असत, आणि "आईचं नाव पाच जणांच्या रांगेत?" एवढेच म्हणून ते उठून आत गेले. त्यांचे म्हणणे मी आजही चूक म्हणू शकत नाही. त्यांच्या ठेवीच्या व्याजातून आम्ही आता सभेऐवजी वर्गातल्या एका मुलीचे वर्षाचे परीक्षा शुल्क भरतो, आणि दरवर्षी त्या मुलीच्या हस्ताक्षरातले पत्र त्यांना जाते. उत्तर अजून आलेले नाही.

कागदपत्रांच्या बाजूविषयी त्या मुलाने काहीच विचारले नव्हते, पण नोकरी घेतली तर त्याचे बहुतांश आयुष्य त्यातच जाणार आहे. लोक ज्याला ८०-जी म्हणतात ती आयकराची सवलत अनेक देणगीदारांना अर्धवट ठाऊक असते. दोन हजारांहून अधिक रोख देणगी दिली तर तिच्यावर सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर मुळीच मिळत नाही. हे त्यांना पैसे घेण्याआधी सांगावे, नंतर नव्हे. वर्षअखेरीनंतर ३१ मेपर्यंत सर्व देणग्यांचे विवरण भरून प्रत्येकाचे प्रमाणपत्र काढावे लागते. मे महिना आमच्याकडे आंब्याचा, लग्नांचा आणि चाकरमान्यांचा. त्या गर्दीत एखाद्याचा पॅन क्रमांक मागण्यासाठी चार वेळा फोन करणे ही एक स्वतंत्र साधना आहे.

याहून मोठा धडा आम्हाला कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीने दिला. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार पाच कोटी किंवा अधिक निव्वळ नफा, हजार कोटींची उलाढाल किंवा पाचशे कोटींचे नक्तमूल्य (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करायची असते, आणि त्या कामांच्या यादीत कला, संस्कृती व पारंपरिक कलांचे संवर्धनही आहे. शाळा आणि दवाखाने यांच्या तुलनेत कलेच्या वाट्याला फार थोडे येते, हा भाग वेगळा. एका कंपनीने आमच्या वर्गांसाठी वाद्ये आणि शिक्षकांचे वर्षाचे मानधन देण्याची तयारी दाखवली. मी पंचवीस पानांचा प्रस्ताव केला. त्यांच्या अधिकाऱ्यांनी येऊन वर्ग पाहिले, मुलांकडून भूप राग ऐकला, आणि शेवटी विश्वस्तांची अधिकृत यादी मागितली. ती काढली तेव्हा उघड झाले की सार्वजनिक न्यास नोंदणीच्या दफ्तरी असलेल्या आमच्या सात विश्वस्तांपैकी तिघे दिवंगत होते. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. आमच्या मंडळाने तो कित्येक निवडणुकांत केलाच नव्हता. कुणाच्या मनात काही काळेबेरे नव्हते. "आपलीच माणसं आहेत, कागद काय करायचेत" एवढाच विचार होता. ती दुरुस्ती होईपर्यंत कंपनीचे आर्थिक वर्ष संपले आणि तो निधी दुसरीकडे गेला. मला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी पेटी उघडली तर पाऊण तास नुसता षड्ज धरून बसले होते, असे घरातले सांगतात.

तेव्हापासून मी लोककलावंतांच्या मंडळांना भेटले की आधी कागदांविषयी विचारते. सिंधुदुर्गातली दशावतारी मंडळे त्रिपुरी पौर्णिमेनंतर जत्रांच्या हंगामात रात्रीमागून रात्र उभी असतात. पेटी, मृदंग, झांज आणि संहितेवाचून रंगणारे संवाद एवढ्या भांडवलावर ती शेकडो माणसांना पहाटेपर्यंत जागवतात. त्यांचा सारा व्यवहार देवस्थान आणि मंडळ यांच्यातल्या शब्दावर चालतो, आणि तो आम्हा सुशिक्षितांच्या संस्थांपेक्षा अनेकदा अधिक चोख असतो, हेही सांगितले पाहिजे. पण २०२० मध्ये टाळेबंदीने हंगाम मोडला, तेव्हा मदत मागायची तर नोंदणी, बँक खाते, मागील प्रयोगांचे दाखले असे काहीतरी हवे होते, आणि शब्दाचा दाखला कोणी देत नाही. त्या काळात मी दोन मंडळांसाठी जुन्या जत्रापत्रिका आणि वर्तमानपत्रांची कात्रणे गोळा करून प्रयोगांची यादी तयार करून दिली. एका मालकांनी ती हातात घेऊन म्हटले, "बाय, इतके प्रयोग आमी केलंव?"

कलावंतांशी वागण्याचे माझे दोन-तीन नियम आहेत आणि ते माझ्या शालींनी शिकवलेले आहेत. निमंत्रणाआधी मानधनाचा आकडा लेखी कळवायचा, मग तो कितीही लहान असो. स्थानिक साथीदाराला पाहुण्या साथीदाराहून कमी द्यायचे नाही. तो एसटीने वीस किलोमीटरवरून आला म्हणून त्याने वाजवलेल्या तिहाईचे मोल कमी होत नाही. पैसे कार्यक्रमाच्या रात्रीच, जेवणाआधी. ज्येष्ठ गायकांना पॅन क्रमांक मागितला की काहींना अपमान वाटतो, एका बुवांनी "आमच्या घराण्याचा दाखला पुरत नाही काय?" असे विचारले होते. त्यांना शांतपणे सांगावे लागते की करकपात झाली तर ती त्यांच्याच नावावर जमा होणार आहे. आणि आपल्याच संस्थेच्या व्यासपीठावर मी मानधन घेऊन वाजवत नाही. अगदी ऐनवेळी कुणी आजारी पडले तर बसते, तेव्हा जमाखर्चात माझ्या नावापुढे शून्य लिहिलेले असते. याने माझे नुकसान होते, हे मान्य आहे. बाहेरच्या आयोजकांनाही वाटते की ही बाई आता कार्यालयातली, हिला कशाला बोलवा. सहा-सात वर्षांपूर्वी वर्षाला तीस-पस्तीस कार्यक्रम होते, आता दहा-बारा आहेत. तबल्याच्या त्या मुलाला हे सांगायला हवे होते आणि मी ते टाळले.

पैसा मागण्याचे पंचांग कोकणात पाठ असावे लागते. जून-जुलैत मच्छीमारांकडे जाऊ नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, आणि नारळी पौर्णिमेनंतर पहिले चार फेरे बरे झाले की मग मालक स्वतः विचारतो. शिमग्यात आणि गणपतीत माणूस गावाला, देवाला आणि वाडीला देऊन मोकळा झालेला असतो. मुंबईकर मे महिन्यात घराच्या अंगणात निवांत सापडतो, पण तो गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार सोडून शहरातल्या संगीतसंस्थेला द्यायला सहज तयार होत नाही. त्याच्या वाडीतली दोन मुले आमच्या वर्गात येतात हे दाखवता आले तर गोष्ट वेगळी. आंबा बागायतदाराकडे एप्रिलात जाणे म्हणजे लग्नघरात हिशेब विचारणे. मे सरता सरता, शेवटचा आंबा वाशीच्या बाजाराला गेला की जावे.

पावस रस्त्यावरच्या एका बागायतदार काकांकडे मी मात्र नियम मोडून ऐन हंगामात गेले होते, कारण वाद्यांच्या खोलीची वीजजोडणी दुरुस्त करायची होती आणि पाऊस पंधरा दिवसांवर आला होता. पडवीत आढीचा वास भरून राहिला होता, पेट्या खिळण्याचे काम चालू होते. मी पायरीवरूनच म्हटले, "काका, पेटीसाठी आल्ये."

"ये गो. कसली हवी, चार डझनी की पाच डझनी?"

"आंब्याची नव्हे. वाजवायची."

सगळे कामगार हसले. काका हसले नाहीत, कारण पेटी या शब्दाचा तिसरा अर्थ त्यांना ठाऊक होता. मुंबईच्या बाजारात पेटी म्हणजे एक लाख. "तेवढं नाही हो जमायचं," ते सावधपणे म्हणाले. याआधी ते दरवर्षी महोत्सवाच्या फलकासाठी पाच हजार देत असत. मी सांगितले की या वेळी फलक नाही, कार्यक्रम नाही, जुलै ते सप्टेंबरचे लाइट बिल आणि जोडणीची दुरुस्ती आहे.

"लाइट बिलाला कुणी पैसे मागतं होय? त्यापेक्षा एखादा नाट्यगीतांचा कार्यक्रम कर, मी देतो."

तेव्हा मला काय सुचले कोण जाणे, मी विचारले, "काका, मोहोर यायच्या आधी बागेला खर्च किती येतो?"

ते बोटे मोडू लागले. पावसाळ्यातली बेणणी, खते, ऑगस्टच्या आतले कल्टार (मोहोर येण्यासाठीचे औषध), पालवीवरची फवारणी, मग मोहोराची, तुडतुड्याची, राखणदारांचा पगार, त्यांचे रेशन. सहावे बोट मोडताना ते थांबले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "कळलं. कळलं. बस, चहा घे."

त्यांनी तीन महिन्यांचे बिल दिले, धनादेशाने, आणि पुढच्या वर्षी मी न जाताच पुन्हा दिले. आता पाचवे वर्ष आहे. त्यांच्यामागून आणखी दोन बागायतदारांनी सेवकाच्या पगारातला वाटा उचलला. संस्थेची एवढी एकच बाजू आहे जी मला दर मार्चमध्ये धास्तीने पाहावी लागत नाही. अनुदाने आणि कंपन्यांचे निधी यांसाठी मी याच्या दहापट कष्ट केले आहेत आणि त्यांतून मिळालेला पैसाही मोठा होता, तरी तो एका वर्षापुरता येतो आणि जातो.

प्रश्न उरला तो नावाचा. बाकी देणगीदारांची नावे सभागृहाच्या भिंतीवर संगमरवरात आहेत. कार्यकारिणीत बराच खल झाला. वीजबिलाच्या देणगीदाराचे नाव कोठे लिहायचे याला पूर्वीचा दाखला नव्हता. काकांनाच विचारले, तर ते म्हणाले, "जिथं खर्च आहे तिथं लिही." म्हणून जिन्याखाली मीटरची जी लोखंडी पेटी आहे तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचे नाव आहे. गेल्या ऑगस्टमध्ये ओलीने अक्षरे पुसट झाली, ती पेंटरला बोलावून पुन्हा काढून घेतली. दीडशे रुपये, किरकोळ खर्च खाती.